घास राहिलेलं तोरण

आई, ओळखलंस का? नसशीलच ओळखलं. जिवंत होतीस तेव्हासुद्धा मला हाक मारताना आधी तिन्ही बहिणींची नावं घ्यायचीस, मग माझ्यावर यायचीस. तर मी ती चौथी, भोपाळला दिलेली. शाळेत घातलं नाहीस, म्हणून मी सांगते आहे आणि सून लिहून घेते आहे. ती मला आई म्हणते आणि मी तुला, तेव्हा मधेच हाक आली तर ओ देऊ नकोस, ती माझी आहे.

दिवाळीच्या आधी मुलगा आणि ही, दोघं कोलार रोडच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला जाताहेत. "चला ना आमच्याबरोबर," म्हणून रोज मागे लागतात. मी म्हणते, मी इथे कोटऱ्यातल्या जुन्या घरातच बरी, तुमच्या त्या लिफ्टमध्ये माझा जीव घाबरतो. त्यांच्या दारासाठी दिवाळीची भेट म्हणून कापडाचं गोल तोरण शिवते आहे. सुनेनं फोनवर तसलं दाखवलं तेव्हा मी म्हटलं, अगं, ही तर चुंबळ! घागर डोक्यावर घेताना तू फडक्याची वळून द्यायचीस तशी. घागर गेली आणि चुंबळ दारावर चढली. सून हसली, पण चिंध्या तिनंच काढून दिल्या: तिचा जुना कुर्ता, मुलाचा शाळेतला सदरा, माझ्या हिरव्या साडीचा काठ.

शिवताना उज्जैनचं आपलं स्वयंपाकघर दिसतं. सासरी न्यायची गोधडी मी शिवते आहे, आणि शहाणपणा करून शेवटचा कोपराही बंद करून टाकलाय. तू पोळपाट सोडून येतेस, पिठाच्या हातांनी, आणि दातानं टाके तोडतेस. "उपाशीच नेतेस होय गं गोधडीला?" मग डब्यातले चार तांदूळ त्या कोपऱ्यात घातलेस, घास म्हणून, आणि टाका स्वतः घातलास. डोळे पुसलेस तेही त्याच हातांनी. दिवसभर गालावर पीठ घेऊन हिंडलीस आणि आम्ही कुणी तुला सांगितलं नाही.

तोरण कधीचं झालंय. घासासाठी ठेवलेलं दोन बोटांचं तोंड तेवढं उघडं आहे. "आई, तांदूळ मी आणू का डब्यातून?" सून विचारते. तिला वाटतं, मी विसरले. विसरायला मी काय तू आहे? टाका घातला की तोरण जाईल, आणि तोरणाबरोबर ही दोघं. म्हणून माझी सुई रोज हरवते. सुई पदरालाच टोचलेली आहे. लिही, हेही लिही, थांबलीस कशाला? बघ आई, आता ती माझ्या पदराकडे बघते आहे.

पत्ता कुठला घालू, विचारते. म्हटलं, राहू दे, माझ्या उशीखाली ठेव. पण तू ऐकत असशील तर एवढं कर, या खेपेचा घास तुझ्याकडून येऊ दे. लाडू नको, मुंग्या लागतील. चार तांदूळच पाठव, त्याच डब्यातले. आणि घाई नाही गं, सावकाश पाठव.