समस्त नागरिक, सानगडी

सत्यभामा लिलाधर कापगते हिस,

सप्रेम नमस्कार. प्रकृतीची विचारपूस केल्यावाचून पत्र सुरू करणे मला जमत नाही. ती केली असे समज. मी बरा आहे (गुडघा वगळता).

तुझ्या माहेरच्या समाजमंदिरातील भांड्यांची खोली तुझ्यामागे मीच सांभाळली. प्रत्येक गंजावर, पातेल्यावर, कढईवर ‘समस्त नागरिक, सानगडी’ असे तू कोरून घेतले होतेस. त्यांतील ‘नागरिक’ या शब्दाचा अर्थ मात्र गावात कोणासही ठाऊक नसल्याचे माझ्या ध्यानी आले. राजा असतो तेथे प्रजा, भाषण असते तेथे जनता, आणि हक्कासोबत कर्तव्यही येते तेथेच नागरिक! हयातभर तुमसरला नागरिकशास्त्र शिकविलेल्या माणसाने हे सांगायचे नाही, तर कोणी? म्हणून मी नियम केला: येथील मतदार यादीत ज्याचे नाव, त्यालाच भांडे. (तू फक्त ‘किती पानं उठतील?’ एवढेच विचारायचीस. ही काही पद्धत नव्हे.) तलावावर मासे धरणाऱ्या बाबुलालची बायको रंजू बारशासाठी कढई न्यायला आली. तिचे नाव अद्याप माहेरच्या यादीत! तिला व्याख्या समजावून मी रिकाम्या हाती परत पाठविले.

गेल्या सोमवारी तुझे वर्षश्राद्ध होते. स्वयंपाक याच भांड्यांत व्हावा म्हणून मी खोली उघडली, तर दारात रंजू. “जावईबापू, तुमचं नाव कोन्या यादीत हाये जी?”

माझे नाव तुमसरच्या यादीत आहे. (निवृत्तीनंतर आपण येथे राहायला आलो, ते बदलायचे राहून गेले.) नियम तो नियम, हातातला गंज मी जागेवर ठेवला. तुझे जेवण आता होत नाही, या विचाराने मात्र पायरीवर बसावे लागले.

“उठा,” रंजू म्हणाली, “जावयानं भांडे मागाचे नसते, पाटावर बसाचं असते. भांडे आमी काढतो.”

आणि मी ज्यांना ज्यांना परत पाठविले होते, ते सारे आले. कोणी चुली पेटविल्या, कोणी तांदूळ निवडले, कोणी मला उन्हातून सावलीत हलविले. ‘समस्त’ या शब्दाला अपवाद सापडावा म्हणून मी पंगतीतून दोनदा फिरलो, सापडला नाही. जो शब्द मी केवळ शिकविला, तो तू गावाकडून पाळून घेतलास, हे अभिमानाने नमूद करतो.

तुझा,
लिलाधर

ता. क. पत्राचा मूळ हेतू: एक लहान पळी मी घरी आणली आहे. तिच्यावरही तेच शब्द आहेत. त्यांत मलाही धरावे, ही विनंती. उत्तर न आल्यास होकार समजेन.

पुन्हा ता. क. खोलीला कुलूप लावले. किल्ल्या गावाला, म्हणजे रंजूच्या हाती, परत केल्या.