सूतिकागृहाचा अर्ज, अक्काच्या माघारी

प्रिय अक्का,

तुला जाऊन अजून दोन महिनेही झाले नाहीत आणि सूतिकागृहाच्या मंडळींनी मला कामाला लावलंय. सांगलीच्या शेठजींकडे पुढच्या वर्षाच्या मदतीचा अर्ज जायचाय. काल बैठकीत वकीलसाहेब म्हणाले, "बापूराव, अक्कांच्या जाण्यावर सुरुवातीलाच दोन पानं लिहा. शेठ विरघळतील." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी येऊन दौत उघडली, तर हात चालेना. म्हणून आधी तुलाच लिहितोय.

साप्ताहिकात लोकांच्या टोप्या उडवून पोट भरणारा मी. अर्ज लिहायला तुला मीच का सापडलो? पुण्याहून नर्सिंग शिकून आलेली विधवा बहीण कराडात बाळंतिणींसाठी खाटा मांडणार म्हटल्यावर भावाने लेखणी चालवायची, असं तू परस्पर ठरवून टाकलंस.

पहिला मसुदा आठवतो? 'आर्त हाक', 'मातृत्वाचा टाहो', काही म्हणून मी सोडलं नव्हतं. तू तांदूळ निवडत ऐकलंस आणि म्हणालीस, "हा अर्ज आहे की कीर्तन? रडणं काढ. अडचण कुणाची, आपण काय करणार आणि ते झालं की नाही हे कशावरून कळणार, एवढं लिही." लढाईमुळे कागद मिळत नव्हता, तरी ती पानं तू बंबात घातलीस. निर्दय बाई!

पैसे आले, खाटा आल्या आणि वर्षभर बहुतेक रिकाम्याच राहिल्या. घरोघर जाऊन आपण सासवांना पटवलं होतं. "व्हय व्हय, धाडू की सुनंला," म्हणत त्यांनी चहाही पाजला होता. मग सुना गेल्या कुठे?

वर्षाच्या अहवालात मी लिहिलं, 'जागृतीची पहाट होत आहे.' तू विचारलंस, "कुणी बघितली?" आणि न आलेल्यांच्या दारोदार मला घेऊन फिरलीस. एका पाटलीणबाईंनी तर आपल्याला ओसरीवरच थांबवलं. "आवं अक्का, पयलं बाळतपन माहेरी आस्तंय. माजी सून कवाच गेली. तिला आई न्हाई व्हय? तुमी शिकल्याली मानसं, आन् ह्ये म्या सांगायचं?"

माझी स्वतःची बायको पहिल्या खेपेला मिरजेला गेली होती! गाडीत बसवून देणारा मीच. तरी गावातल्या सुना धरून आपण खाटांचा अंदाज बांधला. पहिल्या खेपेला इथे येणार होत्या त्या फलटणला, वाईला दिलेल्या कराडच्या लेकी. पटवायचं होतं त्यांच्या आयांना, आणि चहा पीत बसलो सासवांकडे.

मला वाटलं, हे आपल्यातच राहील. तू म्हणालीस, "अहवालात हेच पहिलं घाल." मदत बंद झाली तर दुसऱ्यातिसऱ्या खेपेला अडून येणाऱ्या बायकांनी जायचं कुठे? मी भांडलो. तू ऐकतेस कसली!

शेठजींची ती हळदीची वखार, तो पिवळा उडता धुरळा आणि शिंका आवरत बसलेला मी. शेठजींनी अहवाल वाचला, चष्मा काढला. "बाई, हे वाचून मी पैसे द्यायचे का दिलेले परत मागायचे?"

"आधी पुरतं वाचा," तू म्हणालीस.

पुढे नवी आखणी होती: सासवा सोडून लेकींच्या आयांना गाठायचं. शेठजी वाचता वाचता हसायला लागले. "आमची सून कालच बेळगावला धाडली की ओ. मलाही तवा सुचलं न्हाई." पण व्यापारी तो व्यापारी. निम्मे देतो म्हणाले, उरलेले सहा महिन्यांनी, माणूस पाठवून, बघून.

माझा चेहरा पडला. परतीच्या गाडीत तू मात्र खुशीत. "बापू, आता कुणीतरी येऊन बघणार," म्हणालीस. तपासणीच्या नुसत्या कल्पनेने फुललेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. पुढल्या वर्षी सातव्या महिन्यातच आया लेकींना घेऊन दारात आल्या. पण मला आठवतो तो तुझा गाडीतला चेहरा. दुसऱ्यांच्या चुकांवर मी आयुष्यभर टाळ्या मिळवल्या. आपली चूक अशी उजेडात धरणारी तू कुठून आलीस आमच्या घरात?

एक तक्रार मात्र आहे. सगळं आखलंस, पण तू नसताना खाटेशी कोण उभं राहणार, हे का नाही आखलंस? परवा एका पोरीला अडलेल्या अवस्थेत बैलगाडीतून साताऱ्याला न्यावं लागलं. वाचली. दर वेळी वाचेल का?

तेव्हा वचन देतो. तुझ्या जाण्यावर दोन पानं लिहिणार नाही. वकीलसाहेबांना काय तोंड द्यायचं ते देईन. पहिलं वाक्य असं असेल: 'आमच्याकडून मोठी चूक झाली. सारं काम एका बाईवर ठेवलं आणि तिच्या हाताखाली कुणाला तयार केलं नाही.' खाली दोन मुलींच्या शिक्षणासाठी मदत मागेन, आणि वर्षाने त्या एकट्याने बाळंतपण करतात की नाही, ते बघायला माणूस पाठवा, असंही लिहीन.

तुझा,
बापू