परत पाठवलेले तांदूळ

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता तुमच्याशी बोलायचं तर कागदच घ्यावा लागतो. आणि कागद पुढे आला की मला समितीची भाषा सुचते, 'सदर', 'उपरोक्त', 'खुलासा समाधानकारक नाही'. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, अगं, माणसासारखं लिही की. प्रयत्न करते. मी अजून तेच काम करते आहे, समुपदेशकांच्या संघटनेची तक्रार समिती. कुणी कुणाचं गुपित फोडलं, कुणी शिक्षण नसताना पाटी लावली, कुणी आलेल्या बाईशी नको तेवढी जवळीक केली, की कागद माझ्या टेबलावर येतो. आता तर मी अध्यक्ष आहे. हसू नका. या वेळी जो कागद आलाय त्यानं माझी झोप उडवलीय, आणि तो तुमच्याशिवाय कुणाला दाखवावा ते मला कळत नाही.

भोरच्या बाजारपेठेतली ती पिठाची गिरणी आणि तिच्यावरची तुमची खोली अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. कॉलेजात मानसशास्त्र शिकवून झालं की तुम्ही तिथं येऊन बसायचात. खालून गिरणीची घरघर सुरू असायची, पायाखालची फरशी थरथरायची, चहाच्या कपावर पिठाची साय धरायची. मी वैतागले होते, ही काय जागा झाली का बोलायची! तुम्ही म्हणालात, "हिथं कुणी कितीही रडलं तरी खाली ऐकू जात नाही. दुसरी अशी जागा दाखव, उद्या जाऊ." मी शिकाऊ होते तेव्हा. एकदा एसटी स्टँडवर आपल्याकडे येणारी एक बाई दिसली आणि मी अगदी मायेनं हाक मारून विचारलं, "आता बरं वाटतंय ना?" तिच्या शेजारी तिची जाऊ उभी. तुम्ही मला खोलीवर नेऊन जे झापलंत! "रस्त्यात तिनं ओळख दाखवली तर दाखवायची. नाही दाखवली तर तू तिला ओळखत नाहीस. कळलं?" मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते. आज त्याच वाक्यावर मी तासभर व्याख्यान देते आणि लोक माना डोलावतात.

आणि तांदूळ. वेल्ह्याकडच्या बाया यायच्या त्या रिकाम्या हातानं कधी आल्याच नाहीत. कुणाच्या पिशवीत इंद्रायणी, कुणाच्या आंबेमोहर, नवं पीक निघालं की तुमच्या कोपऱ्यात पिशव्यांची रांग. तुम्ही ते मुलींच्या वसतिगृहाला देऊन टाकायचात, पण घ्यायचात हे खरं. मी समितीवर नवी नवी गेले तेव्हाच कुणीतरी तुमच्याविरुद्ध लिहिलं, की या बाई आलेल्या माणसांकडून वस्तू घेतात. आता, भेटवस्तू घ्यायची नाही हा नियम काही उगाच नाही. देणारी माणसं दबून जातात, न देणारी येईनाशी होतात, हे मीही पाहिलंय. तुमची विद्यार्थिनी म्हणून मी बाजूला बसायला हवं होतं. पण मला दाखवायचं होतं ना, की मी कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही! तुम्ही समोर बसलात, निळ्या काठाची साडी, मांडीवर पर्स. म्हणालात, "ते तांदूळ मला नसतात गं. त्यांच्या घराला असतात." एवढंच. मी म्हटलं, म्हणजे काय? तुम्ही म्हणालात, "याच्यापुढं मला सांगता येणार नाही." मला ती पळवाट वाटली. ताकीद मीच लिहिली. तुम्ही सही केलीत आणि बाहेर पडताना मला विचारलंत, जेवलीस का?

तो नियम मग मी चांगला पक्का केला. नव्या मुलींच्या प्रशिक्षणात घातला, वर एक छापील चिठ्ठीही तयार करून दिली. 'आमच्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या व्यक्तींकडून भेटवस्तू स्वीकारल्या जात नाहीत. सहकार्याबद्दल धन्यवाद.' परत पाठवायच्या वस्तूला ही चिठ्ठी लावायची. शब्दन् शब्द माझा. केवढी खूश होते मी त्यावर! आता भोरला जी मुलगी बसते ती माझ्याच हाताखाली शिकलेली, सालस, नियमाला घट्ट. तिच्याकडे पासलीकडची एक बाई यायची. दुसरं बाळ जन्मून आठवड्यात गेलं, तेव्हापासून तिला झोप नाही, हातापायाला कापरं. एक दिवस ती पिशवीभर तांदूळ टेबलाखाली ठेवून गेली. या मुलीनं दुसऱ्या दिवशी पिशवीला माझी चिठ्ठी टाचली आणि त्या गावाला सीटा नेणाऱ्या वडापवाल्याच्या जीपमध्ये दिली, घरी पोचती कर म्हणून. त्यानं केली पोचती. सासूच्या हातात. चिठ्ठी नवऱ्यानं ओसरीवर मोठ्यानं वाचली.

तक्रार त्या बाईच्या बहिणीनं लिहून धाडली. समितीतल्या बाकीच्यांचं मत एका बैठकीत झालं, गोपनीयतेचा भंग, मुलीला सहा महिने काम बंद. मी म्हटलं, आधी पासलीच्या त्या बाईला भेटते. बोलावण्याचा कागद तिच्या घरी पाठवायचा नाही एवढी अक्कल या वेळी तरी आली, म्हणून मीच कापूरहोळला गेले. बहिणीचा नवरा हायवेवर गाड्यांचे पंक्चर काढतो, मागं दोन खोल्या. ती माहेरपणाच्या निमित्तानं आलेली. स्वयंपाकघरात खाली बसून बोललो, बहीण, तिच्याहून बरीच थोरली, भाकऱ्या थापत होती. ती स्वतः चोविशी-पंचविशीची असेल. माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्या ताई वाईट न्हाईत वो. लई मायेनं बोलायच्या. पर पिशवी कशापायी धाडली माघारी? म्या काय त्यास्नी खायाला दिलं व्हतं व्हय?"

मी विचारलं, मग कशाला दिलं होतं?

"आवो, भोरला जायाचं म्हंजी घरी सांगावं लागतं ना, कशापायी चाललीस ते. शिवणाच्या बाईस्नी तांदूळ द्यायाचं हाईत, आसं सांगितलं का कुणी फुडं इचारत न्हाई. पिशवी घेऊन भाईर पडायचं आन मोकळ्या हातानं माघारी यायचं. तांदूळ गेलं म्हंजी काम झालं." मग पदराला हात पुसत राहिली. "आता समद्यास्नी ठावं झालं. हिच्या डोक्यात बिघाड हाय म्हणत्यात. पोरगी तीन वर्साची हाय माझी. माझ्यापाशी एकटी ठेवत न्हाईत. रातची सासूपाशी निजती. म्या जवळ घेतली तर मालक हुबं ऱ्हाऊन बगत्यात."

बाई, मला तिथं बसवेना. 'त्यांच्या घराला असतात' हे तुमचं वाक्य मला तेव्हा कळलं, त्या भाकरीच्या धुरात, इतक्या वर्षांनी. आणि दुसरंही कळलं, की तुम्ही पुढं का बोलला नाहीत. बोलला असतात तर सगळ्या बायांची युक्ती समितीच्या कागदावर आली असती. त्यांची निमित्तं सांभाळायला तुम्ही ताकीद घेतलीत, आणि मी लिहिलं, खुलासा समाधानकारक नाही. राग येतो मला. माझा येतोच, पण तुमचाही येतो. मला एकटीला, गिरणीवरच्या खोलीत, चहा पिताना सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? का तेव्हाच तुम्हाला कळलं होतं, की मी ते कागदावर घेतल्याशिवाय राहिले नसते?

उद्या मला अहवाल द्यायचाय. त्या मुलीवर कारवाई नको असं मी लिहिणार आहे. चिठ्ठी बंद. चिठ्ठी कुणी लिहिली तेही लिहिणार आहे, मग अध्यक्षपद गेलं तर जाऊ दे. पण या सगळ्यानं तिची पोरगी तिच्या कुशीत यायची नाही. कापूरहोळहून निघताना तिनं विचारलं, "मंग आता म्या कुनापाशी बोलायचं?" आणि माझ्या तोंडून चटकन निघालं, "भोरला गिरणीच्या वर एक बाई..." तिथंच जीभ चावली.

बहिणीनं तव्यावरून नजर उचलली. "त्या व्हय? त्या वारल्या की कवाच. म्या जायाची त्यांच्याकडं, लगीन झाल्यावर. लई आधार व्हता. मंग एकाएकी त्यांनी तांदूळ घ्यायचंच बंद केलं. का ते कायबी बोलल्या न्हाईत. तवापासनं आमचं समद्या बायांचं जाणंच थांबलं." भाकरी उलटून तिनं मला विचारलं, "तुमी वळखत व्हता का त्यांना?"

मी नाही म्हणाले.