प्रदक्षिणा घालणारा ढग

शनिवार, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी. स्कोफिल्ड्स.

आज ढग फिरताना पाहिला. म्हणजे, फिरतोय असं मी तरी सांगितलं.

लॉकडाउनमध्ये देऊळ बंद होतं, तेव्हा ऑनलाइन शिकून मी वादळांवर नजर ठेवणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये शिरले. आज दुपारी आम्ही दोघं गाडी घेऊन ढगामागे निघालो आणि टेकाडावर थांबलो. समोर काळाकुट्ट ढग, त्याच्या पोटाखाली लोंबणाऱ्या चिंध्या. ग्रुपच्या प्रमुख मार्गारेटबाईंनी फोनवर विचारलं, "फिरतोय का? क्लॉकवाइज?" पलीकडे मैदानावर मुलांची क्रिकेट मॅच चालू होती. फिरणाऱ्या ढगातून मोठ्या गारा पडतात, म्हणून मी हो म्हटलं तरच त्या फोन करून ती थांबवणार होत्या.

"अगं, पण घड्याळ वरून बघायचं की खालून?" हे म्हणाले. आली का पंचाईत! मॅट्रिकपर्यंत हे कुणी शिकवलंच नाही.

मग सुचलं, प्रदक्षिणा! तीही घड्याळाच्या काट्यांसारखीच. देवासमोरून आपण डावीकडे निघतो. ढगाच्या पुढच्या चिंध्या डावीकडेच चालल्या होत्या, मागच्या उजवीकडे. "येस, क्लॉकवाइज," मी ठासून सांगितलं.

"चुकलीस तर सगळ्या आया शिव्या घालतील."

"घालू देत. पोरं घरी असतील ना!"

अर्ध्या तासाने रिकाम्या मैदानावर लिंबाएवढ्या गारा पडल्या. देवा, तुझीच कृपा.

मार्गारेटबाई नंतर म्हणाल्या, इथे दक्षिण गोलार्धात अशी वादळं बहुतेक याच दिशेने फिरतात, विषुववृत्ताच्या उत्तरेला मात्र उलटी. म्हणजे आपल्या पुण्याचा ढग उलटी प्रदक्षिणा घालतो? आणि इतकी वर्षं मी मान वर करून एकदाही पाहिलं नाही?