आंब्याच्या पेटीतली चार पानं

रत्नागिरी,
रविवार, १८ मे २०२५

ताई,

सप्रेम जय भीम. मी बरा आहे, तुम्ही सगळी बरी असाल. भावोजींना जय भीम, मनस्वीला पापा. तिचे पुढचे दात आले का? मागच्या फोटोत नव्हते. आई-बाबांना परवाच भेटून आलो, दोघं ठीक. बाबांचा गुडघा बोलतो, पण बाबा त्याच्याशी बोलत नाहीत. इकडे आंबा आटपत आला. बागेतला उरलेला माल आता कॅनिंगला चाललाय, म्हणजे आमच्या पेट्या भरायच्या शेडमध्ये काम कमी आणि बसायला जागा जास्त. म्हणून पत्र.

फोन का नाही केलास, म्हणशील. फोनवर तू नुसतं "हं" म्हणालीस की माझं पुढचं सगळं बोलणं गळून पडतं. पत्रात तू "हं" म्हणालीस तरी मला ऐकू येणार नाही.

तर बातमी अशी की माझं पुस्तक बरं चाललंय. ‘उतरलो तिथे’. चौसष्ट पानं, मध्ये दोन पिना, सात गोष्टी, तीनशे प्रती. चौदा एप्रिलला आपल्या विहारात प्रकाशन झालं हे आईने सांगितलं असेलच. बारावी न झालेल्या माणसाचं पुस्तक म्हटलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग पुस्तकाकडे, मग परत माझ्याकडे. तुला अजून प्रत पाठवली नाही. त्याचं कारण पुढे येतंय.

ताई, पुस्तक छापणं सोपं. ते कुणाच्या हातात जाणं कठीण. जाहिरात करायला माझ्याकडे पाय सोडून काही नाही, म्हणून सगळे बिनखर्चाचे उद्योग. देवरूखला संदेशच्या सलूनमध्ये एक प्रत सुतळीने बाकाला बांधून ठेवली. नंबर लागेपर्यंत माणूस वाचतो, नंबर लागला की गोष्ट अर्धी राहते, मग जाताना विकत घेतो. संदेश वैतागला. म्हणतो, "तुझ्या गोष्टीतली गाडी चुकली की गिऱ्हाईक मान हलवतं. एखाद्याचा कान जाईल, मग त्याची गोष्ट लिही." एसटीत उभं राहून दोन पानं मोठ्याने वाचतो. लांज्याच्या गाडीत कंडक्टर बाई म्हणाली, "बस खाली. विकायला बंदी आहे." मी म्हटलं, विकत नाही, वाचतोय. तिने तीन स्टॉप ऐकलं आणि म्हणाली, "उतरून विक. एक मला ठेव."

सगळ्यात चांगली जाहिरात क्रिकेटने केली. रघू आठवतो का, आपल्या शाळेतला, ज्याला घंटा वाजवायला आवडायचं? तो आता टूर्नामेंटला कॉमेंट्री करतो. त्याला एक प्रत दिली. प्रत्येक षटक संपलं की माइकवर, "धावसंख्या एकोणचाळीस, आणि मंडपाच्या उजव्या हाताला लेखक स्वतः बसलेत. नुसतं बघू नका, ते माकड नाहीत, पुस्तक घ्या." नऊ प्रती गेल्या. एक पंचाने घेतली, खेळ थांबवून. मग एका टीमला एक जण कमी पडला म्हणून मलाच उभा केला, आणि सोपा कॅच सुटला. रघू म्हणाला, "लेखक आहेत, त्यांच्या हातात पेनच राहतं." बघ, कुठून कुठे आलो.

सांगायचं होतं ते हे, की असं फिरून जिल्ह्याचे नऊपैकी आठ तालुके झाले. राहिला तो तुमचा. दापोलीपर्यंत आलो होतो, पण मंडणगडची गाडी चुकली.

आता पेट्यांची गंमत. छापखान्यात पुस्तकाच्या मधल्या कागदाला आधी शाई फिकी लागली. मधला म्हणजे जिथे पिना मारतात तो, पान एकतीस ते चौतीस. दीडदोनशे कागद तसे निघाले. छापखानेवाला म्हणाला, ने रद्दीला. मी ते शेडमध्ये आणले, उशाला घ्यायला बरे होते. मी दोन दिवस राजापूरला गेलो, आणि इकडे पेट्या भरताना शेडमधल्या भागोजीकाकांचे रद्दी पेपर संपले. पेंढ्यावर आंबा, आंब्यावर कागद, मग झाकण, हे तुला माहीतच आहे. परत येतो तर माझी उशी गायब.

"काका, कागद कुठायत?"

"गेले की, पेट्यांतून. सपले व्हते आमचे. तुजे नुसते लोलत पडलेले."

"अहो, ती गोष्ट होती."

"मग? आंब्याला काय वाचता येतं व्हय?"

आंब्याला नाही, पण पेटी उघडणाऱ्यांना येतं. पेटीवर लेबल बागवाल्याचं, नंबर पेट्या विकणाऱ्या अनिलशेटचा. आठ दिवसांनी अनिलशेट शेडमध्ये आले ते फोन पुढे धरूनच. "आंबा डागी निघाला म्हणून तक्रार असेल असं समजून उचलतो, तर बाई विचारते, त्या वळकटीत काय होतं? कसली वळकटी रे? काल ठाण्याहून, आज नाशिकहून. आंब्याबद्दल कुणी एक शब्द बोलत नाही." मग फोन माझ्याकडे द्यायला लागले. आतापर्यंत एकवीस झाले. त्यातल्या कितीतरी जणांनी पुस्तक मागवलं. खर्च शून्य. मी ठरवून केलं असतं तर इतकं जमलं नसतं.

आणि सगळे तेच विचारतात. त्या चार पानांतली गोष्ट अशी: चिमाचा नवरा मुंबईला. दिवाळीला गावचा माणूस आला, त्याच्या हाती नवऱ्याने आपली वळकटी पाठवली, सुंभाने बांधलेली. स्वतः आला नाही, निरोप नाही. चिमाने ती माळ्यावर टाकली. गाव म्हणतं उघड, सासू म्हणते उघड, ती म्हणते भात कापून होऊ दे. मग झोडणी होऊ दे. मग एक दिवस सगळी कामं संपतात, ती वळकटी अंगणात आणते आणि गाठीवर हात ठेवते. चौतिसावं पान तिथे संपतं.

तुला कशाला सांगतोय मी हे.

देवरूखच्या कॉलेजात एका सरांनी मुलांपुढे मला उभा केला. म्हणाले, "शेवट उघडा ठेवलात, हे धाडस आहे." मी मान हलवली. ताई, मी नुसती मान हलवली.

सोमवारी, बुद्ध पौर्णिमेला, भावोजींचा फोन आला. त्यांनी अनिलशेटकडे पेटी सांगितली होती, हे मला ठाऊकच नव्हतं. म्हणाले, पेटी पोचली, आंबा गोड आहे. मग म्हणाले, "वरचा कागद हिने वाचला. घडी करून बाबासाहेबांच्या फोटोमागे ठेवलाय." तिथे तुम्ही मनस्वीचा जन्मदाखला ठेवता, हे मी बघितलंय. मी विचारलं, काही बोलली का? "नाही. भात लावला."

तेव्हापासून हे पत्र लिहितोय. तीनदा फाडलं.

तर आता सरळ लिहितो. गेल्या पावसाळ्यात शाळेचा दाखला शोधायला मी पत्र्याची ट्रंक उपसली, तेव्हा तळाशी तुझी खाकी पुठ्ठ्याची वही सापडली. उभ्या उभ्या वाचली. माझ्या सहा गोष्टी झाल्या होत्या. छापखानेवाला म्हणाला, चार पानं कमी पडतात, मधला कागद कोरा जाईल. मी त्याला म्हटलं, आहे एक. घरातलीच आहे म्हणून आपलीच, असं मनाशी म्हटलं. नाव माझं घातलं. तुला विचारायचं ठरवलं होतं, मग ठरवणं राहिलं. माझं कसं असतं तुला माहीत आहे, पण तसं असणं हे काही कारण नव्हे.

प्रकाशनाला मी हीच गोष्ट वाचली, कारण हीच चांगली आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर आई भाकरी थापता थापता म्हणाली, "ही तू नाय लिवलीस. ह्या दीप्तीचा बोलना हाय." मी म्हटलं, काहीतरीच. त्या दिवशी मला वाढलं ते बाबांनी.

आणि दापोलीला गाडी चुकली नव्हती. मंडणगडची गाडी समोर उभी होती, ड्रायव्हर चहा पीत होता, अर्धी गाडी रिकामी. मी खांद्यावर पिशवी घेऊन ती सुटेपर्यंत बघत राहिलो.

भावोजींच्या फोननंतर घरी गेलो. आईने न विचारता वही पुढे ठेवली. पहिल्यांदा वाचली तेव्हा मी नुसती गोष्ट वाचली होती. तू डाव्या कोपऱ्यात बारीक तारीख घालतेस, ती बघितलीच नव्हती. चिमाने गाठीवर हात ठेवला त्या पानावर २७ फेब्रुवारी २०१९ आहे.

मी बारावीच्या पेपरला बसलो नाही म्हणून दापोलीहून होस्टेलचा फोन आला, तो दिवस. तू पेन ठेवलंस आणि बाबांबरोबर दुपारची गाडी पकडलीस. तीन दिवस दापोलीच्या स्टँडवर माझा फोटो दाखवत फिरलात. मी हर्णैला होड्यांवर बर्फ चढवत होतो, तिथून अर्ध्या-पाऊण तासावर. मेमध्ये तुझं लग्न झालं. वहीतली पुढची सगळी पानं कोरी आहेत, मी एकेक उलटून बघितली. म्हणजे शेवट उघडा ठेवायचं धाडस कुणीच केलेलं नाही. तुला उठावं लागलं, एवढंच. मी नंतर आलो, पण तू परत तिथे बसली नाहीस. आणि सहा वर्षांनी ती अर्धी गोष्ट उचलून मी टाळ्या घेतल्या.

आता काय केलं ते सांगतो. झेरॉक्सवाल्याकडून चिठ्ठ्या काढल्या: ‘या पुस्तकातली वळकटीची गोष्ट दीप्ती महेंद्र जाधव, मंडणगड, यांची आहे. लेखकाने न विचारता घेतली.’ आईने खळ शिजवून दिली, घट्ट. उरलेल्या सगळ्या प्रतींत एकतिसाव्या पानावर चिकटवली. विकलेल्या प्रतींचं म्हणशील, तर कुणी घेतली ते मला तोंडपाठ आहे. शाळेत काही पाठ झालं नाही, पण माणसं राहतात. डब्यात खळ घेऊन गेले चार दिवस त्याच रस्त्यांनी परत फिरतोय. जास्त माणसं देवरूख-संगमेश्वर-लांजा पट्ट्यातली, ती जवळजवळ झाली. लांबची व्हायचीत. चारपाच प्रती हाताबाहेर गेल्या, पोस्टाने गेलेल्यांना चिठ्ठी पोस्टाने.

संदेशने चिठ्ठी दोनदा वाचली. "म्हणजे तू चोर?"

"हो."

"घरच्या घरी?"

"हो."

"बस खुर्चीवर. दाढी वाढलीय, आणखीनच चोर दिसतोस."

रघूने तर माइकवरून सांगितलं. मीच सांगायला लावलं. मागून एक म्हातारी म्हणाली, "मंग त्या पोरीला इचारा ना, काय व्हता त्यात." कॉलेजच्या सरांनी मात्र चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "त्या बाईंना माझा नमस्कार सांगा." तो नमस्कार इथे लिहिला.

गंमत बघ, चिठ्ठी लावायला जातो तिथे आणखी एखादी प्रत जाते. पुस्तक खपवायची ही रीत कुणाला सांगण्यासारखी नाही.

अनिलशेटच्या फोनवर अजून विचारतात. मी आता सांगतो, गोष्ट माझ्या बहिणीची आहे आणि तिने गाठ अजून सोडलेली नाही. सोडेल की नाही ते तिच्यावर. काल नाशिकच्या बाईने परत फोन केला. म्हणाल्या, "त्यांना सांगा, घाई नाही. पुढच्या वर्षीच्या पेटीत चालेल." आईलाही मी विचारलं, तुला काय वाटतं गं, काय असेल? ती म्हणाली, "मला काय वाटायचा? जिची वळकटी तिला ठाव."

तुझी एक प्रत ठेवली आहे, चिठ्ठी न चिकटवता. चिठ्ठी आत सुटी आहे, चिकटवायची का ते तू ठरव. आणि पुस्तकात ही गोष्टच नको म्हणालीस तर तेही सोपं आहे. पिना उघडल्या की मधला कागद आधी निघतो, बाकीच्या पानांना धक्का लागत नाही. उरलेल्या सगळ्या प्रतींतून काढीन, तुझ्यासमोर बसून. चिमा परत फक्त तुझ्या वहीत राहील.

वही पोस्टाने पाठवत नाही, हातात देणार. पुढच्या रविवारी, पंचवीसला, दापोलीहून सकाळची गाडी घेतोय. अकराच्या सुमारास मंडणगडला येईन. तू स्टँडवर यायला पाहिजेस असं नाही. नाही आलीस तर वही चहावाल्याकडे ठेवीन, वर तुझं नाव घालून, आणि त्याच गाडीने परत जाईन. पण या खेपेला दापोलीला उतरलो तरी तिथे राहणार नाही, एवढं नक्की.

मनस्वीसाठी साठं घेतलंय, आंब्याचं, भागोजीकाकांच्या घरचं. ते ज्या कागदात गुंडाळलंय तो कोरा आहे, मी बघून घेतला.

तुझा धाकटा, सातांपैकी सहा गोष्टींचा लेखक,

प्रज्ञेश