चार्ज

नळदुर्ग, ता. ६ जानेवारी २०२४

चि. शिवप्रियास अप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

गौरीशंकरच्या कंपनीकडनं त्याच्या नावानं काल इथं रजिस्टर पत्र आलं. सगळं इंग्रजीत. वरचा मोठा शब्द अक्षरं जुळवून वाचला, 'चार्ज'. उमरग्याच्या गोदामाचा चार्ज मला मिळणार, असं तो दिवाळीत म्हणाला होता. म्या गल्लीत पेढे वाटले. पण कालपासनं पोरगा फोन उचलत न्हाय. जीव थाऱ्यावर न्हाय. झेरॉक्स पाठवतोय. तू शाळेत इंग्रजी शिकवतीस, बाकीचं वाचून कळव. फोनवर नको, घरात चार कान असतात.

तुझा अप्पा

लोहारा, ता. ९ जानेवारी

ती. अप्पांस शरणु शरणार्थ.

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. मोबाईलला लावतो तो एक चार्ज, दवाखान्यात मागतात तो दुसरा, साहेबाच्या खुर्चीवर बसून घेतात तो तिसरा. पत्रातला चार्ज म्हणजे आरोप. दादानं न विचारता कंपनीची जीप नेली, म्हणून एकवीस तारखेला चौकशी आहे.

मी दादाला गाठलं. झाडलोट करणारी पार्वतम्मा गोदामातच बाळंतपणाला अडली होती. ॲम्ब्युलन्स येईना, साहेबांचा फोन लागेना. दादानं तिला जीपमधून दवाखान्यात पोचवलं. मायलेकी सुखरूप आहेत. तुम्हाला सांगायची त्याला लाज वाटली.

पेढ्यांचा विषय आता काढू नका. लोभ आहेच, तो राहू द्या.

तुमची शिवप्रिया

नळदुर्ग, ता. १२ जानेवारी

चि. शिवप्रियास आशीर्वाद.

विषय काढला. ज्यांनी पेढा खाल्ला त्या घरी जाऊन सांगितलं, बढती न्हाय, आरोप हाय, आणि तो कशापायी. दोघं हसले. शेजारच्या सिद्धम्मानं बसायला पाट दिला. गौरीशंकरनं बापापासनं लपवलं, याचा राग मात्र जात न्हाय. एकवीसला मी उमरग्याला जातोय. त्याला कळवू नको.

अप्पा

नळदुर्ग, ता. २२ जानेवारी

चि. शिवप्रियास आशीर्वाद.

पार्वतम्मा साक्षीला आली होती. आत जाताना तिनं तान्ही पोर माझ्या मांडीवर दिली. तासभर दार उघडंना. पोर रडली, मग मांडीवरच झोपली.

ताकीद देऊन सोडलं. गोदाम दुसऱ्याच्या हाती गेलं. गौरीशंकर बाहेर आला, मला बघून थबकला, मग पाया पडायला वाकला. म्या पोर त्याच्या हातात दिली. त्या दिवशी दवाखान्याच्या दारात बाईला उतरवून तो तसाच कामावर परतला होता. पोरीला तो आत्ता पहिल्यांदा बघत होता.

घरच्यांना आशीर्वाद. येत जा.

अप्पा