जेवणघरातली आई

३ ऑक्टोबर

पोचले एकदाची. दोन गाठोडी, एक बॅग आणि ही वही एवढा संसार घेऊन या करमणुकीच्या बागेच्या मागच्या दारानं आत शिरले, तर पहारेकऱ्यानं उठून दार धरलं. एवढी आवभगत लग्नानंतर पहिल्यांदाच झाली. खोली आकाशपाळण्याच्या मागे आहे. एक खाट, एक खुर्ची, भिंतीला खुंट्या, आणि खिडकीतून पाळण्याचे डबे वर जाताना दिसतात. पाळणा फिरायला लागला की खाटही थरथरते. मला तेही आवडलं.

काम काय, तर हॅलोविनच्या मोसमात इथल्या भूतघरात भूत व्हायचं. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, त्यासाठी तुला मुखवटा कशाला लागतो? हसून घेतलं. महिनाअखेरीला हॅलोविनची मोठी पार्टी असते, ती नीट पार पडली की मला कायम करणार आहेत. कायम झाले की चिमणी माझ्याकडे. सासूबाईंनी चार माणसांत तसं कबूल केलंय. नवरा गेल्यापासून माझी लेक त्यांच्याकडे आहे. दुसरीतल्या पोरीला आई फक्त फोनवर मिळते, हे काही खरं नाही.

६ ऑक्टोबर

भूतघर बाहेरून तीन मजली हवेली दिसतं. आत सगळा प्लायवूडचा एकच मजला, काळा रंग मारलेला. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत वाकडीतिकडी वाट जाते आणि प्रत्येक खोलीत काळ्या पडद्यामागे एक माणूस मावेल एवढी सांदट असते. तिथं आपण उभं राहायचं. भर दुपारीही आत काळोख, त्यात धुराच्या मशीनचा गोडसर वास. पहिल्या दिवशी मळमळलं, आता सवय झाली.

माझी खोली जेवणघर. लांब टेबल, ताटं, आणि भोवती कापडी पुतळे बसलेले: बाप, आई, एक लहान पोर, दोनचार पाहुणे. पुतळ्यांना तोंडं नाहीत, नुसतं ताणलेलं पांढरं कापड. मी त्या घरातली मेलेली आई. पडद्यातून बाहेर यायचं आणि म्हणायचं, "ये बाळा, मी तुझी आई, बैस जेवायला." एवढंच वाक्य. आमच्या मुकादमानं ते माझ्याकडून इतकं घोकून घेतलं की घशाला कोरड पडली. त्याचा नियम असा, की घाबरवायचं ते नेहमी पुढे. माणूस पुढच्या दाराकडे पळाला पाहिजे, मागे फिरला की सगळी रांग तुंबते. आणि घराच्या आत मुखवटा काढायचा नाही. घाम येवो, खाज सुटो, आग लागो. यावर तो हसला नाही, म्हणून मीही हसले नाही.

९ ऑक्टोबर

इथं कोणाला नाव नाही. जो तो आपल्या खोलीच्या नावानं. पहिल्या खोलीतला तो खाटीक, पुढची ती नवरी. मी जेवणघरवाली. चहालाही ही मंडळी मुखवटे काढत नाहीत, भिंतीकडे तोंड करून, खालून कप सरकवून पितात. मी म्हटलं, एवढी कसली कलेची साधना? कोणी हसलं नाही. नवरी म्हणाली, तुझं तोंड झाकून बस, डोळ्यांत खुपतं.

मी चारचौघींसारखी दिसते. कोणाच्या डोळ्यांत खुपण्याएवढं माझ्या तोंडात काही नाही. पण माझा कप रोज गायब असतो. काल चपलांत धुराच्या मशीनचं तेल ओतलं होतं. खाटीक जाता-येता खांदा मारून जातो. नव्या सुनेचे हाल मी एकदा भोगलेत, पुन्हा भोगीन. महिन्याभराचा प्रश्न आहे.

संध्याकाळी फोनवर चिमणीला पार्टीचा बेत सांगितला. कर्मचाऱ्यांच्या मुलांना पास फुकट मिळतो. म्हटलं, दार उघडताच ये, नवे बूट घालू नकोस, आधी लांबचे पाळणे उरकून घे. आमच्या भूतघरात एकदा भीत भीत जायचं, आणि सगळे आतषबाजी बघायला तळ्याकडे पळाले की पुन्हा एकदा, तेव्हा रांग नसते. तिनं मांजराचा मुखवटा करायला घेतलाय. मिशा झाडूच्या काड्यांच्या आहेत म्हणाली. सासूबाईंच्या झाडूच्या असणार. ऐकून बरं वाटलं.

१४ ऑक्टोबर

आज चूक झाली, पण पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा करीन.

दुपारच्या घोळक्यातून एक चारपाच वर्षांचा मुलगा मागे राहिला. बाकीचे ओरडत पुढे गेले आणि हा टेबलापाशी उभा, रडून रडून श्वास लागलेला. मी माझं वाक्य म्हटलं नाही. खाली बसले, मुखवटा काढला आणि म्हटलं, बघ, मी साधी बाई आहे, भूत-बीत काही नाही. त्यानं माझ्या गालाला हात लावला. मग हसला. पुढच्या दारापर्यंत बोट धरून सोडून आले.

परत वळले तर टेबलाभोवतीचे सगळे पुतळे माझ्याकडे तोंड करून बसले होते. घोळक्यात कोणाचा तरी धक्का लागून माना फिरल्या असतील.

मुकादमाला कसं कळलं कोण जाणे. रागावला नाही. मुखवटा किती वेळ काढला होतास, एवढंच विचारलं.

१५ ऑक्टोबर

टेबलाशी असलेली आईची खुर्ची रिकामी आहे. तो पुतळा कुठं गेला विचारलं, तर मुकादम म्हणाला दुरुस्तीला. शिवायला काय लागतं त्याला, मी शिवून दिला असता. लहान पोराचा पुतळा तेवढा त्या खुर्चीकडे कलून बसलाय. सरळ केला. पुढच्या घोळक्यानंतर पुन्हा कललेला.

१८ ऑक्टोबर

पहारेकरी म्हणाला, आत्ता तर बाहेर गेलात, परत कधी आलात? मी दिवसभर भूतघरात होते. त्याला तसं सांगितलं, तर म्हणाला, अहो, तोंडावर बोललात माझ्याशी, पोरीच्या शाळेचा रस्ता विचारलात.

मला चिमणीच्या शाळेचा रस्ता पाठ आहे. मी कशाला विचारीन?

तोंड धुताना साबण नाका-गालांवर नेहमीसारखा अडत नाही. भुवया विरळ झाल्यात. घामानं असेल. आरशावर वाफ होती, ती पुसली तरी चेहरा पुसटच.

माझा फोन खुंटीवरच्या पिशवीतून गेला. खाटकाचंच काम.

२१ ऑक्टोबर

कचेरीतल्या फोनवरून घरी लावला. सासूबाई म्हणाल्या, कोण पाहिजे? मी म्हटलं, मी बोलतेय. त्या म्हणाल्या, चेष्टा पुरे, सून माझ्यासमोर बसून चहा पितेय.

मागून चिमणीचा आवाज आला. ती कोणाला तरी आई म्हणत होती.

मी ओरडले, ती मी नाही, पोरीला तिच्यापासून लांब ठेवा. सासूबाईंनी फोन ठेवला. पुन्हा लावला तर बाईचा आवाज आला. माझाच आवाज. तिनं फक्त "ये बाळा, मी तुझी आई" म्हटलं आणि ठेवून दिला.

२४ ऑक्टोबर

नोकरी गेली चुलीत. सामान तसंच टाकून दारावर गेले. पहारेकऱ्यानं पास मागितला, फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं आणि दोन पावलं मागे सरला. म्हणाला, मुखवटा काढा. मी म्हटलं, मी मुखवटा घातलेला नाही.

त्यानं दाराला आतून कडी लावली. मुकादमानं येऊन दंडाला धरून परत आणलं.

आणि मंडळी गोड झाली आहेत. माझा कप धुऊन ठेवलेला. खाटकानं चहा भरून दिला. नवरी शेजारी बसली, पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, राग नको मानू ग, तुझं तोंड बघवत नव्हतं आम्हाला, आठवायचं सगळं. मग तिनं आपला मुखवटा वर केला.

पांढरं. ताणलेलं.

मी तिला ढकललं. ती रडत होती की काय, कळायला काही नव्हतंच तिथं.

२७ ऑक्टोबर

आरसा उलटा करून ठेवला. हातानं कळतं. नाक अजून थोडं आहे.

कुंपणावरून चढले. आकाशपाळण्याच्या रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं खेळ चाललाय. मी म्हटलं, मला बाहेर काढा, माझी मुलगी — त्यांनी फोटो काढले.

नवरीला विचारलं, तुझ्या तोंडाची बाई कुठं आहे. म्हणाली, असेल कुठंतरी, माझ्या आईकडे राहते.

२९ ऑक्टोबर

मुकादमानं पार्टीची कामं वाटून दिली. आतषबाजीच्या वेळी, दुसऱ्या फेरीला, जेवणघरात कर्मचाऱ्यांच्या मुलांचा फोटो. मुलांनी टेबलाशी बसायचं, आपापला मुखवटा काढायचा.

कर्मचाऱ्यांची मुलं म्हणजे कोण? मी विचारलं. माझ्याशिवाय इथं कोणाला —

तो म्हणाला, एकच नाव आलंय. तिच्या आईनंच दिलं.

लहान पुतळ्याची मान दाराकडे वळली आहे. फिरवून पाहिली. फिरत नाही.

३० ऑक्टोबर

लहान पुतळा उचलून न्यायला गेले. बाहेर नेऊन जाळून टाकावा म्हणून. खाटकानं धरलं. प्रेमानं धरलं. लेकरू हवं की नको तुला, म्हणाला, इथं असेल तुझ्याजवळ, बाहेर असून काय उपयोग?

एक क्षण मला बरं वाटलं ते ऐकून. हे मी लिहून ठेवतेय. एक क्षण बरं वाटलं, आणि माझी मला शिसारी आली.

नाही. तिनं तिच्याच तोंडानं मोठं व्हावं. माझ्याजवळ नसली तरी चालेल.

३१ ऑक्टोबर, दुपार

पार्टी सुरू. सांदटीत उभी आहे. घोळके एकामागून एक. कोणाला घाबरवत नाही, नुसती बाहेर येते, तरी किंचाळतात.

बेत असा. पहिल्या फेरीतच तिला इतकं घाबरवायचं की पुन्हा या घराचं नाव काढणार नाही. आईला लेकरासाठी काय काय करावं लागतं.

आली. आवाज ओळखला. खोकलाही ओळखला —

संपलं. निदान पळाली. काड्यांच्या मिशा, पिवळा फ्रॉक. तिनं माझा हात — त्या बाईचा हात धरला होता. माझी साडी नेसलेली, माझं तोंड. मी पडद्यातून बाहेर आले आणि ठरवलेलं सगळं विसरले. तिला बघितलं आणि तोंडातून आलं, "ये बाळा, मी तुझी आई."

ती किंचाळली आणि त्या बाईच्या कुशीत शिरली. ती बाई माझ्याकडे बघून हसली. माझंच हसू. मग दोघी पुढच्या दारानं गेल्या.

मांजराचा मुखवटा चिमणीच्या तोंडावरच होता. घट्ट होता. पोरीनं दोरी दोनदा बांधली असणार, सासूबाईंनी शिकवलं असेल. त्यांचे उपकार मानते.

घाबरली आहे. परत येणार नाही.

संध्याकाळ

तळ्याकडे आतषबाजी चालू झाली. भिंती हादरताहेत. घरात कोणी नाही. नवरी आणि खाटीक टेबलाशी येऊन उभे राहिलेत, मुकादमानं कॅमेरा लावला —

ती हसतेय. पहिल्या खोलीत. चिमणीच हसतेय. दुसऱ्या फेरीला पोरं घाबरत नाहीत, पुढचं सगळं माहीत असतं.

म्हणतेय, आता पडद्यातून ती येईल बघ, आई, ती खोटी आई.

आले काय आणि बोलले काय, तिला तोच खेळ वाटणार. मी आई म्हटलं तरी. रडले तरी. वाचता येतं तिला. मोठं अक्षर वाचते. पान फाडून तिच्या हातात —

आत आल्या. ती खुर्चीवर चढतेय, पाय पोचत नाहीत. गाठ सुटत नाहीये म्हणून मान वाकवली. ती बाई मागून सोडवतेय —

चिमणे मी खरी आई. गाठ सोडू देऊ नको. तशीच पळ पुढच्या दारा